स्टोवर चहा, सुई गार पाण्यात

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातमीऐवजी माझा सकाळचा अनुभव वाचा.

थोरल्या बहिणीला, अक्काला, ताप होता म्हणून पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. आधीच्या रोग्याला टोचलेली सुई त्यांनी पेल्यातल्या गार पाण्यात बुचकळली आणि अक्काचा दंड धरला.

"सुई उकळली नाही," मी म्हणालो.

"स्टो एकच आहे. त्यावर पाहुण्यांचा चहा ठेवलाय."

अक्का उलट मलाच आमच्या बोलीत दटावते, "जाऊ दे भाऊ, डाक्टर शे तो."

मी तिला तशीच उठवली. निघताना या महाशयांनी मलाही चहा विचारला. त्या दवाखान्यात खळखळून उकळलेली तेवढी एकच वस्तू होती.

तुम्हाला टोचलं तेव्हा स्टोवर काय होतं?