प्रकरण प्रलंबित ठेवण्याबाबत

ज्या संडासासाठी मी कोर्टात भांडत होतो, तो समोर आला तेव्हा मला ओळखताच आला नाही.

कल्याणजवळच्या मोहन्याला, जुन्या कारखान्याच्या बाजूला एक वस्ती आहे. तिथलं सार्वजनिक शौचालय बायकांना वापरता येत नाही, असा आमचा दावा कल्याणच्या कोर्टात होता. कोर्टाने एक कमिशनर नेमली होती, म्हणजे जागेवर जाऊन जे दिसेल ते लिहून आणणारी एक तरुण वकील. ती माझ्या मागे वही घेऊन चालत होती. तिच्या मागे ते शौचालय चालवणाऱ्या ठेकेदाराचा वकील. आणि सगळ्यांत पुढे मी, काळा कोट घालून, सहलीला मुलं घेऊन निघालेल्या मास्तरासारखा. "इथून डावीकडे. सांभाळून, गटार उघडं आहे." गटारावर नवी कोरी फरशी होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी बोलत होतो, आणि बोलत असताना मला दिसत नाही, असं आमच्या घरात सर्वमान्य आहे.

पुढे आकाशी रंगाची एक नीटनेटकी इमारत लागली. दारं चॉकलेटी, बाहेर कुंड्यांत झेंडू. मला वाटलं, बालवाडी असावी. वस्तीत बालवाडी निघाली हे बरं झालं, असा एक चांगला विचारही मी केला आणि ती ओलांडून पुढे गेलो. मग वस्ती संपली, झुडपं लागली.

"सर, नेमकं कुठे आहे?" कमिशनरबाईंनी विचारलं.

मागे वळून पाहिलं तर माझी पक्षकार त्या बालवाडीसमोर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. "साहेब, अहो साहेब! हा काय, इथं! मागं या!"

ठेकेदाराचा वकील माझा लॉ कॉलेजचा मित्र. एका बाकावर बसून आम्ही एकमेकांची उत्तरं उतरवली आहेत. तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, कृपया नोंद घ्यावी. वादीच्या वकिलांनाही शौचालय ओळखता आलं नाही, इतकी सुधारणा झालेली आहे."

तिने नोंद घेतली. मुलगी प्रामाणिक होती, त्यामुळे नाइलाज होता. नळ सोडला, पाणी आलं. बटण दाबलं, दिवा लागला. कडी लावली, लागली.

"कालपर्यंत दाराला कडी नव्हती हो," माझी पक्षकार हळू आवाजात म्हणाली. "सकाळपासून फोन लावतेय तुम्हाला."

फोन मी सायलेंटवर ठेवला होता. पाहणीचं गांभीर्य म्हणून.

मी मानवी हक्कांचा वकील आहे, असं माझ्या पाटीवर लिहिलेलं नाही, पण माणसं तसं म्हणतात आणि त्यात कौतुक किती, कीव किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. लग्नकार्यात माझे मामा ओळख करून देतात, "हा पण वकीलच, पण तसला नाही." तसला म्हणजे कमावणारा. बाकीचे नातेवाईक थोडं खोलात जातात. "म्हणजे तू गुन्हेगारांची बाजू घेतोस ना?" मी दरवेळी समजावून सांगायला जातो, तोवर पंगत बसते. या कामाबद्दल लोकांची कल्पना अशी असते की मी भरल्या कोर्टात मूठ आवळून बोलतो. प्रत्यक्षात माझी बरीच वर्षं झेरॉक्स काढण्यात, बाहेरच्या बाकावर नाव पुकारण्याची वाट बघण्यात आणि "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकण्यात गेली. अन्याय मी पुष्कळ पाहिला. तो बहुतेक वेळा कंटाळवाणा दिसतो, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझं ऑफिस म्हणजे ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराची बाहेरची खोली. आतल्या खोलीत संसार, मधे पडदा. पक्षकार आला की पडद्याआडून चहा येतो. बायको शाळेत शिकवते, तिची सकाळची शाळा, त्यामुळे दुपारनंतर येणाऱ्या पक्षकारांची चंगळ. या घरात सगळं ठीक आहे, फक्त फ्लश बिघडलेला आहे. बादलीने काम भागतं. प्लंबरला मी उद्या सांगणार आहे. हे 'उद्या' बरंच जुनं आहे.

माझी ही पक्षकार बाई पहिल्यांदा आली ती अशीच दुपारी. वस्तीत शिवणकाम करते, ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. नवरा नाही, मुलगा परगावी. स्वच्छ इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत साठ बायकांच्या सह्यांचा अर्ज. चहा आला, तिने कप बाजूला सरकवला. "नको, ताई." पाणी तरी घ्या. "नको." दुसऱ्यांदा आली, तेच. तिसऱ्यांदा बायकोने सरबत केलं, तेही तसंच परत गेलं.

ती गेल्यावर बायको पडद्याबाहेर आली. "अहो, त्या आपल्याकडचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आपलं काही चुकलं का?"

मी खुर्चीत नीट बसलो. त्या बाईंच्या पिशवीवर बुद्धविहाराच्या कार्यक्रमाचा छाप मी पाहिला होता. तेव्हा आपल्या समाजात कुणी कुणाचं पाणी किती शतकं घेतलं नाही आणि आता कुणी आपलं घेतलं नाही तर आपण ते कसं समजून घ्यायला हवं, यावर मी बायकोला बऱ्यापैकी सविस्तर सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. पुढच्या वेळी ती बाई आली तेव्हा बायकोने मला न विचारता तिला सरळ आत स्वयंपाकघरात नेलं. पडद्याआडून मला ऐकू येत होतं.

"एक विचारू? आमच्याकडचं काही घेत नाही तुम्ही. राग आहे का?"

ती बाई मोठ्याने हसली. "अगं बाई! राग कसला, ताई? चहासाठी जीव टाकते मी. पण प्यायलं की जायला लागतं. आणि जाऊ कुठं? वाटेत बाईमाणसाची सोय नाही, वस्तीतला आमचा बंद. साखर आहे मला, थांबवतच नाही. म्हणून पीतच नाही. घरनं निघताना दोन घोट, बास."

मग पुढचंही आलं. पाणी न पिऊन पिऊन तिला लघवीचा संसर्ग झाला होता, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टर रागावले होते, की बाई, असंच चाललं तर किडनी जाईल. भरपूर पाणी प्या. "आता डॉक्टरला काय सांगू, की पिते, पण संडास तुम्ही बांधून द्या?"

माझ्या कच्च्या मसुद्यात जगण्याच्या हक्कावर चार पानं होती. त्यात हे नव्हतं. अर्जात तिने फक्त 'गैरसोय' असं लिहिलं होतं.

बायकोने तिला आमचा संडास दाखवला. मग बादली कुठे ठेवली आहे आणि का ठेवली आहे, हेही सांगावं लागलं. पडद्याच्या फटीतून बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कायद्याचं पुस्तक उघडलं. चहा मात्र त्या दिवशीही राहिला. परतीचा प्रवास बाकी होता.

तर ते झेंडूचं प्रकरण. कमिशनरचा अहवाल कोर्टात गेला, ठेकेदाराने यापुढेही असंच ठेवू असं लिहून दिलं, आणि आता तक्रार उरलेली नाही म्हणून दावा निकाली निघाला. मला तो विजय वाटत नव्हता, पण पराभव म्हणायलाही जागा नव्हती. पाणी तर येत होतं. मित्राने बाहेर पाठीवर थाप मारली. "बघ, तुझ्यामुळे आमच्या माणसाने रंग काढला लेका. समाजकार्य तूच करतोस असं नाही."

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "साहेब, झेंडू वाळला."

झेंडूच्या मागोमाग बाकीचंही गेलं होतं. नळ नुसता खाकरायचा. दिवा गेला. शेवटी बायकांच्या बाजूला कुलूप लागलं आणि त्यावर पाटी, 'देखभालीसाठी बंद'. तिने पुन्हा दुपारनंतर पाणी पिणं सोडलं होतं.

दुसरा दावा घातला. नवी फाइल, नवे झेरॉक्स. आणि या वेळी एक गंमत सुरू झाली. कोर्टाची तारीख जवळ आली की ठेकेदाराची माणसं यायची. कुलूप निघायचं, टाकी भरायची, फिनेल पडायचं. तारीख झाली की चार दिवस बरं, मग पुन्हा कुलूप, पुढच्या तारखेपर्यंत. ठेकेदाराला पुन्हा कमिशनर येईल याची धास्ती होती. वस्तीतल्या बायकांना तारखा तोंडपाठ करायची गरजच राहिली नाही. फिनेलचा वास आला की एकमेकींना सांगायच्या, "तारीख आली गं!" हे मला ती बाई हसत हसत सांगायची आणि मीही हसायचो. त्याचा अर्थ काय, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी बोलत होतो बहुतेक.

शेवटी दावा युक्तिवादाला लागला. न्यायाधीश मॅडम शांत, कमी बोलणाऱ्या. कागद त्यांनी वाचून ठेवले होते. ठेकेदाराच्या वकिलाला दोन प्रश्न विचारले, तो दोन्ही वेळा फाइल चाळत राहिला. मग त्या स्टेनोकडे वळून म्हणाल्या, "दावा मंजूर करण्यात येत आहे..."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही. तडजोडी ऐकल्या, अपिलं ऐकली, 'योग्य त्या ठिकाणी दाद मागावी' हे तर पाठ आहे. असं सरळ, पूर्ण, आपल्या बाजूचं वाक्य क्वचित. मामांना दाखवता येईल असा निकाल. शेजारून मित्र पुटपुटला, "जिंकलास. पेढे आण."

तेवढ्यात मागून कोणीतरी माझी बाही ओढली.

"साहेब, काय म्हणतात त्या?"

"आपल्या बाजूने निकाल देतायत."

"म्हणजे केस संपली?"

"संपली. जिंकलो आपण."

"मग नको."

"नको काय? अहो ताई, निकाल आहे हा. कायमचा असतो."

"मागल्या टायमाला पण लिहून दिलेलं की. केस संपली की ती माणसं येत नाहीत. कुलूप बसतं." तिने बाही सोडली नव्हती. "साहेब, मला निकाल नको. तारीख घ्या."

मी तिला हळू आवाजात समजावणार होतो की आदेश मोडला तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, अवमानाची कारवाई मागता येते. मग मला त्या अर्जांना लागणारा काळ आठवला. त्या काळात ती दुपारनंतर काय करणार, हेही. आणि खरं सांगायचं तर, निकाल मला हवा होता. तिला पाणी हवं होतं. दावा तिचा होता.

"वकीलसाहेब, काय चाललंय तिकडे?" मॅडमनी विचारलं.

मी उभा राहिलो. "मॅडम, वादीची विनंती आहे की प्रकरण निकाली काढू नये. तारीख मिळावी."

कोर्टात मागच्या बाकांवरून हसू आलं. तिथे बसलेली निम्मी माणसं तारखांना विटून केस पांढरे केलेली होती. माझा मित्र तोंडावर फाइल धरून हसत होता.

"तुम्ही मागितलं ते सगळं मी देतेय," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्हाला तारीख हवी?"

"हो मॅडम. तारीख असली की तिथे कुलूप निघतं."

मॅडमनी चष्मा काढला आणि माझ्या मागे पाहिलं. "तुम्ही सांगा, बाई. काय म्हणणं आहे?"

ती पुढे आली. साडीचा पदर नीट केला. "मॅडम, तारीख असली की मी पाणी पिते."

त्यानंतर कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा परत घातला. मग स्टेनोला म्हणाल्या, आधीचं खोडा. शौचालय उघडं ठेवायचं, पाणी, दिवा, कडी यांसह. दर महिन्याला अहवाल द्यायचा. कमिशनरने न कळवता कधीही जाऊन पाहायचं. आणि पुढचा आदेश होईपर्यंत प्रकरण प्रलंबित. 'प्रलंबित' हा शब्द मी जन्मभर शिवीसारखा वापरला होता. त्या दिवशी तो खाली मान घालून लिहून घेतला.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "अरे, तू वकील आहेस की गुरव? दर महिन्याची पूजाच लावून घेतलीस!" आणि मग, नेहमीसारखं नाही, जरा वेगळ्या आवाजात, "माझ्या माणसाला मीच सांगतो. कुलूप काढायला."

कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. तिने कप दोन्ही हातांत धरला, फुंकर मारून संपवला, आणि टपरीवाल्याला म्हणाली, "अजून अर्धा दे रे दादा. साखर नको."

ते प्रकरण अजून प्रलंबित आहे. कुलूप निघालेलं आहे. मी दर महिन्याला उभा राहतो, तारीख मागतो, ती मिळते. वकिलीत याहून जास्त काही मिळवलं असेल, पण इतक्या नियमितपणे नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना माझं भाषण जरा लांबलं, मॅडमचा चेहरा जरा जास्त भारावलेला झाला, आणि तारीख मागण्याची कल्पना सुरुवातीला काही वेळ माझीच होती. तिने गवार मोडता मोडता ऐकलं. माझं संपल्यावर एकच विचारलं, "चहा घेतला का त्यांनी?"

"घेतला. दीड कप."

तिने गवारीचं ताट बाजूला ठेवलं. "मग पुढच्या तारखेला कोर्टातून त्यांना इकडे घेऊन या, मी चहा करते. आणि त्याच्या आत तो फ्लश दुरुस्त करून घ्या. ही तारीख वाढवून मिळणार नाही."