खिडकीखाली बसलेले मगदूम सर

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा मगदूम सरांचा आहे. हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. जिथे एकदा बोलायलाच हवं होतं, तिथे मात्र बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कागलजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात सर पी.टी. शिकवायचे. रोज संध्याकाळी मोटारसायकल शाळेच्या दारात लावायचे, पण हेल्मेट काढायचे नाहीत. डोक्यावर हेल्मेट आणि हातात चेंडूंची पिशवी, असे चालत मैदान ओलांडून यायचे. नवा माणूस हमखास हसायचा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याच्या समोर एक जण उकिडवा बसून तो झेलतो, त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा लागतो. आमच्या शाळेचा मुखवटा मोडला होता, आणि माझा चेंडू झेलायला दुसरं कुठलं पोर तयार नव्हतं. म्हणून चोपन्न वर्षांचे सर हेल्मेट घालून स्वतः बसायचे. गुडघे धरून उठताना 'अव्वा गं' म्हणायचे. घरी आईशी कानडीच चालायचं, त्यामुळे दुखलं की तोंडात कानडी यायची. पोरं म्हणायची, "सर बसत्यात मराठीत, उठत्यात कानडीत."

गावात कुस्ती, शहरात फुटबॉल. त्यात हा खेळ कुणाला माहीत नव्हता. एकदा मैदानाच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, ह्यो धुणं बडवायचा खेळ कुठनं आनलासा?"

"आनलाय की, पावणं. तुमी या एकदा बडवायला. चेंडू दांडक्याला लागतोय का बघू."

तो म्हातारा खरंच आला, धोतर खोचून उभा राहिला. सरांनी मला खूण केली, हळू टाक. मी हळू टाकला. तरी लागला नाही. तेव्हापासून तो रोज यायला लागला आणि दुसऱ्यांना नियम समजावून सांगायला लागला.

सरांनी मला हेरलं ते मैदानात नाही. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गेट लांब पडायचं, म्हणून मी भाकरीचं गठुडं कंपाउंडच्या भिंतीवरून आत फेकायचो आणि वडील पलीकडे झेलायचे. एकदा सर रस्त्यानं चालले होते, ते थांबले.

"डाव्या हातानं टाकतोस व्हय रं?"

"व्हय सर."

"गठुडं सुटत न्हाय?"

"न्हाय."

"भाकरी मोडत्यात?"

"न्हाय सर."

"मंग उद्यापास्नं मैदानात ये."

मी तेव्हा सातवीत होतो. दहावीपर्यंत जिल्ह्याच्या संघात आलो, अकरावीत राज्याच्या. गणितातही बरे मार्क पडायचे. सर दोन्हींचा हिशेब सारखाच ठेवायचे. चाचणीत पाच मार्क कमी पडले, तर त्या आठवड्यात मला चेंडू मिळायचा नाही. "हात एकट्यानं कुठं जात न्हाय," ते म्हणायचे, "डोस्कं संगं लागतंय."

पुण्याच्या एका शिबिरात सरांना एक अमेरिकन प्रशिक्षक भेटला. त्यानं सांगितलं, तिकडे काही लहान कॉलेजं आहेत. अभ्यास फार अवघड, प्रवेश त्याहून अवघड. तिथे खेळाची म्हणून शिष्यवृत्ती नसते. पण तिथल्या कोचला एखादा खेळाडू हवा असेल, तर तो प्रवेश कचेरीकडे त्याचं नाव पुढं करतो. कचेरी आधी मार्क बघते. मार्क पटले आणि घरची परिस्थिती नसली, तर फीचं कॉलेजच बघतं. सरांनी हे सगळं एसटीच्या तिकिटामागं लिहून आणलं होतं. आमच्या पडवीत बसून त्यांनी ते वडिलांना वाचून दाखवलं. वडिलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते म्हणाले, "सर म्हणत्यात म्हंजे बराबर हाय."

कॉलेजांना वेग कळवायचा होता. वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? सर मला हायवेला घेऊन गेले. तिथे वाहनांचा वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी असायची.

"सायेब, ह्या पोराचा जरा वेग मोजा की."

"पळतंय व्हय?"

"पळत न्हाय, फेकतंय."

पोलिसांनी आधी वेड्यात काढलं, मग गंमत म्हणून मोजला. एकशे अठ्ठावीस. एक जण म्हणाला, "गुरुजी, ह्याला दंडच करायला पायजे." सर तो आकडा सगळ्या रस्त्यानं गाणं म्हणावं तसा म्हणत आले.

मग सरांनी मेल लिहायला सुरुवात केली. दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं कोल्हापूरला शाहूपुरीत जायचे. तिथे त्यांच्या भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एक बोट वापरून ते टाइप करायचे. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हॅविंग वन बॉय,' अशी सुरुवात असायची. पुढे माझी उंची, वेग, मार्क, घरची माणसं, सोबत भाच्यानं काढलेला माझ्या फेकीचा व्हिडिओ, आणि शेवटी, 'ही इज लाइक माय सन.' अशा तीसेक मेल गेल्या असतील. पाच महिने एकाचंही उत्तर आलं नाही. सर म्हणायचे, "कामात असत्याल. हंगाम असंल त्यांचा."

शेवटी एका कोचचं उत्तर आलं. चार ओळी होत्या. तुमच्या मेलबद्दल आभार, व्हिडिओ आवडला. पण आम्ही शिक्षक किंवा पालकांशी नव्हे, मुलाशी बोलतो. त्याला त्याच्या शब्दांत लिहू द्या.

सरांनी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. आमच्याकडे पोरानं पुढं होऊन स्वतःबद्दल बोलायचं नसतं. शाळेतला प्रवेश असो, नोकरी असो, लग्न असो, मोठं माणूस शब्द टाकतं आणि पोर मागे मान खाली घालून उभं राहतं. सरांनी तीस ठिकाणी माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्या लोकांत ही रीतच नव्हती. त्यांना वाटलं असेल, या पोराला स्वतःला काही नकोच आहे.

"म्हंजे इतकं दिस मीच आडवा आलतो व्हय रं?" सर म्हणाले. मी 'न्हाय सर' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

मग मी लिहिलं. भाकरीच्या गठुड्यापासून सगळं लिहिलं. तीन दिवसांत उत्तर आलं आणि व्हिडिओवर बोलायचं ठरलं. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे सकाळ. मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटर खोलीची किल्ली दिली.

सर सात वाजताच आले. अंगात निळा कोट होता. तरुणपणी विद्यापीठाच्या संघाकडून खेळताना मिळालेला, आता पोटावर बटण लागत नव्हतं. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ते तीन इंग्रजी वाक्यं घोकत होते. "गुड मॉर्निंग सर. माय बॉय इज व्हेरी सिन्सिअर. प्लीज टेक केअर." पुन्हा पहिल्यापासून. मला ते ऐकू येत होतं, आणि मला लाज वाटली. सरांच्या इंग्रजीची, कोटाची, त्या 'माय बॉय'ची. सतरा वर्षांचा होतो, हे कारण पुरेसं नाही.

मी म्हणालो, "सर, त्यांनी लिहिलंय ना, मुलानं एकट्यानंच बोलायचं. तुम्ही बाहेर थांबला तर बरं."

असं त्यांनी लिहिलेलं नव्हतं. सरांना ते माहीत होतं, त्यांना तर त्या चार ओळी पाठ होत्या.

"व्हय की," ते म्हणाले. "तुजं तूच बोल. मी हाय हितं." आणि बाहेर खिडकीखालच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

बोलणं चांगलं झालं. कोच मोकळा माणूस होता. अभ्यासाचं विचारलं, आईवडिलांचं विचारलं. शेवटी म्हणाला, "तुझा हात ज्यांनी घडवला ते तुझे सर तिथे आहेत का? मला त्यांना नमस्कार करायचा आहे."

मी म्हणालो, "नो सर. ही इज नॉट हिअर."

खिडकी उघडी होती.

बाहेर आलो तेव्हा सरांनी कोट काढून घडी घालून मांडीवर ठेवला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "आवाज खणखणीत लागला तुजा. भाईरपातूर समदं ऐकू येत हुतं." एवढंच. मग किल्ली घेऊन त्यांनी खोली बंद केली आणि मला गाडीवरून घरी सोडलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं, हेच मला जास्त लागतं. कोचनं माझे मार्क कचेरीला दाखवले. कचेरीनं होकार कळवला. मग त्या एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर दुसरीकडे जायचं नाही, अशी अट होती. सर म्हणाले, "सुपारी फुटल्यागतच हाय की. आता इकडं तिकडं बघायचं न्हाय." डिसेंबरात प्रवेशाचं पत्र आलं. आमच्या घरात तोवर कुणी बारावीसुद्धा झालं नव्हतं. सरांनी पेढे स्वतः आणले आणि आख्ख्या गल्लीत वाटले. तो चेंडू न लागलेला म्हातारा दोन पेढे घेऊन गेला.

निघायच्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर सर आले. आई रडत होती. सरांनी माझा डावा खांदा दाबून पाहिला, जसं नेहमी बघायचे. म्हणाले, "तितं कुनी इचारलं, कुनाचं पोर हाय, तर बाचं नाव सांग. माजं न्हाय सांगितलंस तरी चालतंय."

ते टोचून बोलले नव्हते. टोचून बोलणं त्यांना जमायचं नाही. मला मोकळं करण्यासाठी बोलले होते. मी पाया पडलो आणि गाडीत बसलो.

दोन वर्षं मी फोनवर त्यांच्याशी हवापाण्याचं, खांद्याचं, मार्कांचं बोलत राहिलो. ती एक गोष्ट फोनवर निघेना. तिसऱ्या वर्षी हातानं पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते पोचायला तीन आठवडे लागले. सरांची मुलगी सुमनताई मला नंतर म्हणाली, "अप्पांची तब्येत तेव्हाच बिघडली होती, तुला सांगू नको म्हणाले. पत्र मीच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. संध्याकाळी म्हणाले, 'सुमे, माजा निळा कोट इस्त्रीला टाक.'"

कोट इस्त्री होऊन आला त्या दिवशी सरांना दवाखान्यात हलवलं होतं. ते परत आले नाहीत. माझी परीक्षा सुरू होती. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, असं घरचे म्हणाले, आणि मी ऐकलं.

सुमनताईनं ते पत्र मला परत दिलं. ते असं आहे.

सर,

साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो. कॉम्प्युटर खोलीत त्या दिवशी कोचनी विचारलं, तुझे सर आहेत का. मी नाहीत म्हणालो. तुम्ही बाहेर बसला होता आणि तुम्ही ते ऐकलंत. तुम्ही एकाही वाक्यानं मला ते कधी दाखवलं नाहीत, म्हणून मला अजून जड वाटतं.

मला तुमची लाज वाटली होती, सर. दुसरं काही कारण नव्हतं.

काल नव्या मुलांना मी इथे कसा आलो ते सांगायला कोचनी मला उभं केलं. मी तुमच्या तीस मेलांचं सांगितलं, हायवेच्या पोलिसांचं सांगितलं. मुलं खूप हसली. नंतर मी कोचच्या खोलीत गेलो आणि त्या संध्याकाळी मी खोटं बोललो होतो हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, अजून उशीर झालेला नाही, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

पुढच्या महिन्यात तुम्हाला सोयीच्या रविवारी, संध्याकाळी साडेसातला, मी फोन लावतो. सुमनताईला मोबाइल धरायला सांगा. तुम्ही ठरवलेली तीन वाक्यं तशीच बोला, एकही शब्द बदलू नका. ते 'माय बॉय'सुद्धा.

आधी तुम्ही बोला. तुमचं झालं की मग मी बोलेन. आणि सर, या वेळी तुम्ही आत बसा.

तुमचा,
दत्ता