फरशीचे घर

आम्हा विणकरांत घर बघायला गेलेला माणूस आधी खाली बघतो. छत गळते का, पाणी किती लांब, शेजार कसा, हे सगळे मागाहून. आधी जमीन मातीची आहे का ते. कारण आमचा माग जमिनीवर उभा राहत नाही, जमिनीत उतरतो. खड्डा खणायचा, त्याच्या काठावर बसायचे आणि पाय आत सोडून पावड्या दाबायच्या. खड्ड्यातल्या ओलीने सूत मऊ राहते. सोलापूरच्या कोरड्या उन्हात ओल नसली तर ते तटातट तुटते. हे मला जन्मापासून ठाऊक होते, निदान ठाऊक असायला हवे होते. घर बघायला मात्र मी गेलो, आणि खाली बघितले ते वेगळ्याच कारणाने.

हे लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. लिहून काही परत येणार नाही. पण मनात घोळत राहते, म्हणून लिहितो.

मी पुण्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. घरात माझ्या आधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. आल्या दिवशीच कळले की मालकाने घर विकले आहे आणि महिनाअखेर खाली करायचे आहे. मागावर एक लुगडे अर्धे विणून झाले होते. अर्धे कापड मागावरून उतरवायचे नाही ही आमची रीत. त्यामुळे वडील उजाडल्यापासून दिसेनासे होईपर्यंत मागावर असत. आई तान्हीला मांडीवर घेऊन कांड्यांवर सूत भरी. सहा वर्षांची बहीण सुताच्या गुंड्या उलगडून देई आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ दुपारच्या वेळी खड्ड्यात वडिलांच्या पायांशी जाऊन बसे. घरात सगळ्यांत गार जागा तीच.

"मला उठाय येळ न्हाय," वडील मागावरचा धोटा इकडून तिकडे फेकता फेकता म्हणाले. "तू शिकलेला हायस. तूच बघ की."

मी तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी दोन खोल्या मिळाल्या. तिथल्या मालकाने त्याच वर्षी नवी शहाबादी फरशी घातली होती. मी वहाणा काढून आत पाऊल टाकले आणि तळपायाला गारवा लागला. आईचे सारवून सारवून भेगाळलेले हात मला आठवले. तान्ही नुकती रांगायला लागली होती. जे सापडेल ते तोंडात घालायची, आणि मागच्याच महिन्यात मातीने तिचे पोट बिघडले होते. वाटले, हे घर त्यांच्यासाठीच आहे. खरे सांगायचे तर आणखीही एक वाटले. कॉलेजातला कोणी मित्र कधी आलाच, तर त्याला इथे बसवायला लाज वाटणार नाही.

मालकाने कागद दिला. मी तिथेच उभ्याने वाचला. भाडे वेळेवर द्यावे, भिंतीस खिळे ठोकू नयेत, फरशी उखडू अगर खणू नये. सगळे वाचले. पुण्याला दोन वर्षे मी फरशीवरच निजत होतो. फरशी कोण कशाला खणेल, असेच मला वाटले असावे. नीट आठवत नाही. काहीच वाटले नसेल.

कागद घरी नेला. वडील मागावरून उठले नाहीत, बसल्या जागेवरूनच अंगठा पुढे केला.

"वाचलास का नीट?"

"वाचला, आबा."

"काय लिवलंय?"

"नेहमीचंच. भाडं वेळेवर द्यायचं, भिंतीला खिळे मारायचे नाहीत, असलंच."

"कमाल हाय. खिळ्याचं बी लिवत्यात!" वडील हसले. अंगठा उठवला, लुगड्याला शाई लागू नये म्हणून तो धोतराला आतून पुसला आणि पुन्हा धोटा फेकला.

लुगडे घर सोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उतरले. सकाळी वडिलांनी माग सोडवला, लाकडे बांधली. मग खड्ड्यात उतरून तळाची ओंजळभर माती फडक्यात बांधून घेतली. जुन्या खड्ड्यातली माती नव्या खड्ड्यात आधी टाकायची. आजोबांनी गाव सोडताना अशीच आणली होती म्हणे. बाकीचा खड्डा आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवायला घेतला, तेव्हा धाकटा त्यात जाऊन बसला आणि बाहेर येईना.

"मी हितंच ऱ्हाणार."

"आरं, तितं नवा काडतो की," वडील त्याला काखेत धरून वर घेत म्हणाले. "ह्याच्यापरास मोटा. तुला पाय पसराय येतील येवढा."

हातगाडी शेजारच्या काकांनी आणली होती. तेही विणकरच. माझी ट्रंक उचलून त्यांनी मोठ्याने कण्हून दाखवले. "काय वो कालेजवाले, पुस्तकं हायती का दगडं? ह्याच्यापरीस तुमच्या बापाचा माग हलका की!" सगळे हसले, मीही हसलो. बहीण चिमणीची काच दोन्ही हातांत धरून सबंध वाट चालत गेली. वाटेत कोणी बोललेलेही तिला चालत नव्हते.

नव्या घरात पहिला तासभर फार आनंदाचा गेला. बहीण फरशीवरून घसरत इकडून तिकडे जात होती. आईने खाली बसून फरशीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून दिला. "कसं गार हाय गं बाई! आता शेण नगं का सारवान नगं." तिने तान्हीला खाली सोडले आणि माझ्याकडे बघितले. तसे तिने माझ्याकडे पूर्वी कधी बघितल्याचे मला आठवत नाही. मी मॅट्रिक झालो तेव्हाही नाही.

वडील शेवटच्या खेपेबरोबर आले. खांद्यावर पहार, हातात मातीचे फडके. दारातच थांबले आणि खाली बघू लागले.

"माग कुटं मांडायचा?"

"त्या कोपऱ्यात, आबा. तिथं उजेड चांगला येतो," मी म्हणालो. खरोखर असे म्हणालो.

वडिलांनी टाच आपटून पाहिली. "ही काडाय येती का?"

तेव्हा मला कागद आठवला. शब्द न् शब्द आठवला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने तान्हीला उचलून घेतले.

मालक वाईट माणूस नव्हता. वडील हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यालाही अवघडले. "पण नवीकोरी फरशी आहे हो. तुमच्या मुलाने वाचूनच नेला ना कागद? मला वाटलं, तुम्ही माग सोडून दिला असेल. मुलगा कॉलेजात आहे म्हणाला."

नंतरचे चार दिवस वडील आणि मी मातीचे घर शोधत पेठांतून फिरलो. एक आदल्याच दिवशी गेले होते. दुसऱ्या ठिकाणी म्हातारी मालकीण म्हणाली, "ल्हान पोरं हायती का? मग नगं बाबा." ज्यांच्याकडून आम्ही विणायला सूत आणत असू त्या नव्या पेठेतल्या व्यापाऱ्याचा माणूस पाचव्या दिवशी आला. लग्नसराई होती, त्यांना थांबता येत नव्हते. वडिलांनी सुताची गुंडी न् गुंडी त्याच्या स्वाधीन केली. माणूस गेल्यावर हात कुठे ठेवावे हे त्यांना कळेना.

पुढच्या आठवड्यात वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. जन्मभर बसून विणलेला माणूस, तिथे दिवसभर उभे राहायचे. घरी येत तेव्हा पाय सुजलेले असत. भोंगा होण्याच्या कितीतरी आधी उठून ते फरशीवर बसून राहत, उशीर होईल म्हणून.

तान्ही झोपेना. जन्मापासून ती मागाच्या खटखटीतच निजलेली. आईने अंगाई म्हटली, पाळणा भिंतीजवळ नेला, काही चालेना. शेवटी आई धोटा घेऊन बसे आणि फरशीवर ठोके देई. आवाज दगडाचा यायचा, लाकडाचा नाही. पोर रडून दमली म्हणजे निजे.

"आबा, खड्डा कवा?" धाकटा रोज विचारी. "काडू की," वडील म्हणत. मग त्याने विचारणे सोडले. मला ते विचारण्याहूनही सोसत नसे.

मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. मीच एकदा म्हणालो की कॉलेज सोडतो, इथेच काही काम बघतो. वडील म्हणाले, "आनी मग माग गेला त्यो कशापायी?"

सुट्टी संपली. निघायच्या आदल्या दिवशी वडील गिरणीतून आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "त्यो कागद आन. वाच बगू. सगळा वाच, सावकाश."

मी वाचला. फरशीच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"हे तवा बी हितंच हुतं?"

"होतं, आबा."

"तू वाचलंवतंस?"

"वाचलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. "मंजी वाचाय चुकला न्हाईस," म्हणाले, आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची चूल एका बाजूने ढासळली. चूल लिंपायला माती हवी, आणि जवळपास सगळीकडे फरशीच. आईने कोनाड्यातले मातीचे फडके काढले आणि गाठ सोडली. वडील गिरणीत जायला निघाले होते. ते दारात उभे राहून बघत होते. मला वाटले, नको म्हणतील.

"काळी माती हाय ती," ते म्हणाले. "तडकंल. जरा राख घाल तिच्यात."

आईने राख घातली.