नाव माझं, शिवण त्यांचं

"उभी राहा ना, बाळा. सगळ्यांना दिसू दे."

मॅडम माईकवरून बोलल्या. हे एवढंच मराठीत, बाकी सगळं इंग्रजीत चाललं होतं. मैसूरच्या त्या गारेगार हॉलमध्ये माळरानांचा अभ्यास करणारी विद्वान मंडळी जमली होती. कुणी गवतावर डॉक्टर झालेलं, कुणी लांडग्यांवर, कुणी आमच्यावर. आमच्यावर म्हणजे धनगरांवर. मी उभी राहिले. हात जोडले. टाळ्या पडल्या.

"ही त्याच माळावरची मुलगी. मेंढरांमागून आली, आता इथे माझ्याकडे पीएचडी करते आहे. या अहवालावर तिचंही नाव आहे."

मग पडद्यावर पुढचं चित्र आलं. माझी आई.

पाठमोरी आई, पुढे मेंढरं, वर धुरळा. खाली इंग्रजीत लिहिलेलं, चराईचा ताण. म्हणजे माळ उजाड होतो तो मेंढरांमुळे.

तो फोटो कधीचा ते मला ठाऊक होतं. मॅडम आमच्या घरी आल्या होत्या. आईनं ठेवणीतलं घोंगडं अंथरलं. शेळीचं होतं नव्हतं तेवढं दूध त्यांच्या चहात ओतलं, आम्ही कोरा प्यालो. मॅडम आईचा हात धरून म्हणाल्या होत्या, तुमची लेक आता माझी. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती मेंढरं घेऊन निघाली आणि मागून तिचा फोटो निघाला. पाहुणचार आम्ही केला, आणि ताणही आम्हीच ठरलो.

मागच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईनं विचारलं, चराई बंद करून माळाला तारेचं कुंपण घालायचं म्हणता, ते तिथल्या लोकांना मान्य आहे का?

मी अजून उभीच होते. बस, असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी तोंड उघडणार तोवर मॅडमनी माझ्याकडे हात केला. "त्यांचीच मुलगी सहलेखिका आहे. आणखी कुठली संमती हवी?"

हॉल हसला. खेळीमेळीनं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

कुंपण नको, असं आमची माणसं घसा फोडून सांगत होती. त्यांचं म्हणणं घरोघर फिरून मीच लिहून आणलं होतं. अहवालात ते कुठेच नव्हतं. मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अगं, हे फार भावनिक आहे. शास्त्रात नाही बसत." माणसं बसली नाहीत. माझं नाव मात्र बसलं. न विचारता घातलेलं, बक्षीस म्हणून.

मॅडम वाईट असत्या तर सोपं होतं. त्या प्रेमळ आहेत. मला डेंग्यू झाला तेव्हा घरून भात-सार घेऊन दवाखान्यात येऊन बसल्या. दर दिवाळीला साडी देतात. माझी शिष्यवृत्ती त्यांच्या शब्दावर, माझा प्रबंध त्यांच्या सहीवर. ज्या हातानं भरवलं त्याच हातानं तोंड दाबलं, तर ओरडायचं कसं? त्यांनी शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. बाळा म्हणणाऱ्या बाईला काय देणार?

संध्याकाळी चामराजपुरमच्या खोलीवर आले. घरमालकीण अक्का पिढ्यान्‌पिढ्या मैसूरच्या, मराठी शिंपी. शिवणयंत्र चालवता चालवताच त्यांनी मान वर केली. "काय मा, ऊटा नको आज? जेवायचं नाही? मुख का असं करून बसलीस?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आईचा फोन आला.

"आगं, माळाला तार मारनार म्हंत्यात. खरं का?"

मी अक्कांकडे पाठ केली.

"तू हायस न्हवं तितं? मग मला घोर न्हाई."

आणि तिनं फोन ठेवला. मेंढरं वाट बघत होती तिची. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. मोठ्यानं, लाज सोडून. मग अक्कांना सगळं सांगून टाकलं.

अक्कांनी हातातली पँट पुढे धरली. कमरेला आत एक चकचकीत लेबल होतं. "हे बघ. इथं गोकुलम भागात फॉरेनवाले येतात की योगाला, त्यांच्यासाठी. मी शिवते, वर दुकानाचं लेबल लावून देते. शिवण माझं, नाव त्यांचं. तुझं उलटं झालंय बघ, नोडु. नाव तुझं, शिवण त्यांचं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझी तर पँट आहे मा. उसवली तर कुणाचं काय जातंय?"

आमचा माळ जात होता. माझ्या लेबलाखाली.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये अहवाल मंजूर व्हायचा होता. वाटलं, आजारी आहे असं कळवावं. आज गप्प बसावं, डॉक्टर झाल्यावर काय ते बोलावं. पण तोवर माळावर तार लागलेली असती.

मॅडम व्यासपीठावर गेल्या. तसंच हसल्या. "उभी राहा, बाळा."

मी बसून राहिले.

"अगं, ऊठ ना."

"मी बसूनच बोलते," मी म्हणाले. आधी मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून माझ्या मोडक्या इंग्रजीत. "त्या अहवालातून माझं नाव काढा. आमच्या माणसांना कुंपण नको आहे. ते त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही ते गाळलं. आणि काल पडद्यावर होती ती माझी आई आहे, ताण नाही."

कुणी हसलं नाही. मॅडमचा चेहरा उतरला. "हे इथे बोलायचं असतं का? घरी यायचं होतंस."

"नाव तुम्ही इथेच मिरवलंत. इथेच काढा."



नाव निघालं. अहवाल माझ्या नावाशिवाय पुढे गेला. मॅडम आता फोन उचलत नाहीत, प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे. कृतघ्न, असं मंडळींत बोललं जातं. बोलू दे. ती गोरी बाई जाताना माझा हात दाबून गेली. त्या दाबण्यानं तार थांबत नाही.

त्या रात्रीच मी आईला खरं सांगितलं. मी इथं असून काही झालं नाही, असंही सांगितलं. ती म्हणाली, "मग हितं ये."

खोलीची किल्ली अक्कांना देऊन मी आईकडे आले आहे. पुढल्या महिन्यात माळावर कुंपणाचे खांब रोवायला माणसं येणार आहेत. तिथं मला कुणी उभी राहा म्हणणार नाही. मी उभी असेन. खड्डा खणायचा असेल तिथंच.