नववीतून चौथीपर्यंत

फुलपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी शिकवणीचे बालवाडीपासून दहावीपर्यंत सगळे वर्ग एकदमच भरतात. खोली एकच, शिकवणारी मी एकटी. दाराजवळ बालवाडी, कारण त्यांना सारखं बाहेर जायचं असतं. त्यांच्या पलीकडे पहिली-दुसरी, मग मधले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नववी-दहावी. मी भाजी चिरत असले तरी मोठ्यांच्या वह्या तिथून दिसतात.

अशा खोलीत एक फायदा होतो. शाळेत शिक्षकाला त्याचा तेवढा वर्ग दिसतो, मला अख्खा जिना दिसतो. बालवाडीत कमी-जास्त, तिसरीत अर्धा आणि पाव, पाचवी-सहावीत अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, नववीत तेच अपूर्णांक गुणोत्तराचे कपडे घालून समोर येतात. नवीन असं फार थोडं असतं. खालची पायरी पक्की असेल तर वरची जड जात नाही.

दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी आली. आई तिला घेऊन आली होती. वसई पूर्वेला कारखान्याच्या एका गाळ्यात आई पॅकिंगचं काम करते. मुलगी आधी दुसऱ्या शिकवणीला जात होती. तिथे फळ्यावर उत्तरं लिहून देत, मुलं उतरवून घेत, वह्या पूर्ण, आईबाप खूश. आठवीपर्यंत तिचं कुठे अडलं नव्हतं. नववीच्या सहामाहीत गणिताने अडवलं.

आईने आडपडदा ठेवला नाही. "टीचर, हिच्या पप्पांनी सांगितलंय, नववी पास झाली तर दहावी. नाय झाली तर जूनपासून माझ्यासोबत गाळ्यात."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी रोज जाते तिथे. मला माहितीये ना काय आहे ते."

मुलगी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

पहिले काही दिवस मी तिला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवलं. तिला रीत पाठ होती. कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ येते हे ती बरोबर सांगायची, पण आकडे बदलले की ठप्प. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "अर्धा मोठा की एक तृतीयांश?"

"एक तृतीयांश."

"का?"

"दोनपेक्षा तीन मोठे ना, टीचर."

मी सहावीचं पुस्तक काढलं. तिथे नाही जमलं. पाचवीचं काढलं, तेही नाही. चौथीच्या पुस्तकात चित्रातला रंगवलेला भाग तिला ओळखता आला, तेव्हा आम्ही थांबलो. म्हटलं, "इथून सुरू करू."

"मी नाय बसणार त्या पोरांत," ती म्हणाली. "माझ्या बिल्डिंगमधली पण येतात इथे."

"त्यांच्यात बसू नकोस. बाकीची यायच्या आधी ये. पण पुस्तक हेच."

ती दोन दिवस आलीच नाही. मी निरोप धाडला नाही. गाळा की पुस्तक हे तिला कळत होतं, आणि मला तेव्हा दहावीच्या मुलांची भूमिती संपवायची होती. तिसऱ्या दिवशी ती आली, चटई अंथरली आणि बसली.

महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी चौथीतली एक मुलगी वेळेआधीच आली. तिची आई बाजारात निघाली होती आणि तिला आमच्याकडे सोडून गेली. ही बया चपला काढता काढताच ओरडली, "ए दीदी, ते माझं पुस्तक आहे! मी काल विसरले होते!"

"तुझं कशाला? तुझं नाव लिहिलंय?"

"लिहिलंयच मुळी. पहिलं पान बघ."

नाव होतं. मीच ते पुस्तक आदल्या दिवशी उचलून फळीवर ठेवलं होतं आणि घाईत मोठीला दिलं होतं. मोठीचा चेहरा उतरला. छोटीने वहीत डोकावून घेतलं.

"हे तर चुकलंय. टीचर, दीदीला हे पण येत नाय!"

मोठी दप्तर भरू लागली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "छोटे, तुला येतं ना? मग सांग, अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश लहान का?"

"कारण लहान असतो."

"हे कारण नाही."

मोठीने दप्तराची चेन अर्धी लावलेली. तीच म्हणाली, काहीशी चिडून, "अगं, चटईवर दोघी बसलो तर ऐसपैस बसतो ना? तिसरी आली की काय होतं?"

"चेपून बसायचं."

"मग? तीन म्हणजे वाटेकरी जास्त. प्रत्येकीची जागा कमी."

"हां," छोटी म्हणाली, "मग पाच आल्या तर अजून कमी."

"आणि तू आलीस की जागाच नाय," मोठी म्हणाली. दोघी हसल्या. मी कुकर लावला.

त्यानंतर तिने निघून जायची भाषा केली नाही. जानेवारीत आम्ही सहावीत पोचलो, शाळेत शेवटचे धडे सुरू झाले तेव्हा नववीत. सगळे धडे झाले नाहीत. दोन मी सरळ सोडून दिले आणि तिला तसं सांगितलं. अर्धवट दहापेक्षा पक्के आठ बरे.

गणितात ती काठावर पास झाली. इतर विषयांत बरी होती. निकालाच्या दिवशी आईने कामावरूनच फोन केला, "टीचर, दहावीत गेली! पण हिच्या पप्पांशी तुम्हीच बोला."

वडील संध्याकाळी आले, दारातच उभे राहिले. ते रिक्षा चालवतात, ती खाली लावली होती, त्यामुळे घाईत.

"दहावी पास होईल ना ही?"

"ते मी आत्ता नाही सांगू शकत," मी म्हटलं. "पण आता कुठे अडतंय ते तिचं तिला कळतं. सहामाहीत ते कळत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. मग म्हणाले, "गाळेवाल्याला मी जूनचा शब्द दिलाय. आता पुढच्या जूनचं सांगू?"

"आत्तापासून कशाला सांगताय?" मी म्हटलं. "आठवीनंतर शाळा पुस्तकं देत नाही, विकत घ्यावी लागतात. आधी दहावीची आणा."

ते जिना उतरले. खालून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो स्टेशनच्या स्टँडकडे न जाता पुस्तकांच्या दुकानाच्या गल्लीत वळला.