रंग ओला आहे

माझी आत्या घरं रंगवायची. तीस वर्षं. भिंती, छतं, खिडक्यांचे गज. आणि ती आमच्या दारात आली रे आली, की माझ्या बाबांचं, म्हणजे तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचं, पहिलं वाक्य काय? तर "हात धुऊन ये." पाहुणे असले तर वर "मागच्या दारानं ये." मला असा संताप यायचा!

गुडघे शिडीला नाही म्हणू लागले, तेव्हा तिनं काम सोडलं आणि छापखान्याच्या माडीवर दर शनिवारी जमणाऱ्या चित्रकारांत जाऊन बसली. एक दातांचे डॉक्टर, एक भूगोलाच्या निवृत्त बाई आणि एक दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. तिला तैलरंग शिकायचे होते. पहिलं चित्र स्वतःचंच, शिडीवर उभी असलेली.

बाबा म्हणाले, "भिंती फासणारी तू! प्रदर्शनात लावणार म्हणे. चारचौघांत माझं हसं करू नकोस."

"लावणार," आत्या म्हणाली. "आणि तुला बोलावणार."

पण तीस वर्षांची सवय जाते कुठं? भिंतीला आधी दाट पुट्टी, शेवटचा हात पातळ. चित्रातही तिनं तेच केलं. खाली जवसाचं तेल घातलेले जाड थर, वर टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग. दीड महिन्यानं चित्रातल्या चेहऱ्याला तडे गेले. प्रदर्शनाला उरले वीस दिवस.

"तरी मी सांगत होतो..." बाबांनी सुरुवात केली.

"सांगून झालं ना? मग नीघ."

शनिवारी तिनं चित्र माडीवर नेऊन आपटलं. पाट्यांवाला पेंटर खो खो हसला. "अहो ताई, इथं भिंतीच्या उलटं! खालचा हात पातळ, वरचा तेलकट. वरचं आधी सुकलं की तडकणारच."

"मग आधी का बोलला नाहीस, मेल्या?"

"बघू दिलंत कधी? सारखं आपलं फडकं टाकलेलं!"

ते मात्र खरं होतं. आत्यानं फडकं पिशवीत कोंबलं. मग डॉक्टरांनी दात खरवडायची हत्यारं आणून दिली, ती वापरून तिनं चेहऱ्यावरचे पापुद्रे काढले. बाई स्वतःचं चित्र अर्धवट टाकून तिच्यासमोर आरसा धरून तासन् तास उभ्या राहिल्या. तिच्या ब्रशला मात्र कुणी हात लावला नाही. लावून बघायला हवा होता!

आत्यानं चेहऱ्यापासून शिडीपर्यंत सगळं नव्यानं रंगवलं, पण प्रदर्शनाच्या दिवशी वरचा तेलकट थर ओलाच. हॉलचा व्यवस्थापक अडून बसला. कुणाचे कपडे खराब झाले तर? डॉक्टर, बाई आणि पेंटर आपापली चित्रं खिळ्यांवरून उतरवू लागले. तेव्हा कुठं तो वरमला. आत्यानं पिशवीतून आपली जुनी पाटी काढली, तीस वर्षं लोकांच्या दारांवर लावलेली, 'रंग ओला आहे', आणि चित्राखाली टांगली.

बाबा आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, कोण हो ही बाई?

"माझी बहीण," बाबा म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. "ही बघा, हीच!" आणि दाखवायच्या नादात बोट थेट शिडीच्या पायरीवर टेकवलं. बोट निळंशार.

आत्यानं आधी पायरीकडे पाहिलं, मग बोटाकडे.

"दादा," ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हात धुऊन ये. आणि हे बघ, पुढच्याच दारानं ये."