उताऱ्यावर ठेवलेलं बोट

कॉलेजच्या सराव परीक्षेत वांग्यांवर उतारा आला, तेव्हा मी खूश झाले. आमचं घर भाजीवरच चालतं. ‘वांगी कधी तोडावीत?’ या प्रश्नाला मी ‘संध्याकाळी’ लिहिलं, कारण सकाळच्या बाजारासाठी आम्ही तेव्हाच तोडतो. उताऱ्यात ‘सकाळी’ होतं. असंच बाकीचंही चुकलं आणि मी नापास झाले.

मॅडम म्हणाल्या, “आधी प्रश्न वाच. उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेव, मगच लिही. तुला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही.”

खऱ्या परीक्षेत उतारा कापसाचा निघाला. नापास झाले तर वसतिगृहातली जागा जाणार होती. मी बोट ठेवून वाचत गेले. ‘दव असतानाच वेचणी करावी, म्हणजे पाचोळा चिकटत नाही,’ असं त्यात होतं. ‘वेचणी कधी करावी?’ असा प्रश्न होता; आमच्या गावात दव वाळल्यावरच वेचतात, म्हणून मी दोनदा खोडलं, पण शेवटी उताऱ्यातलंच लिहिलं.

घरी बाबांनी विचारलं, “काय आलतं पेपरात?” मी सांगितलं.

“अवं, ओला कापूस कोन घेते? एवढं शिकवलं तुले, अन् असं लिवून आली?”

निकाल अजून लागायचा आहे. ती ओळ मी नीट वाचली होती ना, हेच मी रोज आठवून पाहते.